सॉफ्टवेअरची उत्तरपूजा

सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे आपण ते बसवतानाच ठरवून टाकतो. किती मिनिटांत सुरू झालं, किती प्रश्न विचारले, पहिला पडदा कसा दिसला. छापून येणारी परीक्षणंही बहुधा तिथेच संपतात. पण घरचा किंवा प्रयोगशाळेचा सर्व्हर ज्याला सांभाळावा लागतो, त्याच्या दृष्टीने खरी परीक्षा शेवटच्या दिवशी असते. ज्या लिनक्स यंत्रावर हे सॉफ्टवेअर आपण बसवलं, तिथून ते पूर्णपणे काढता येतं का? या लेखात काही प्रसिद्ध सर्व्हर-सॉफ्टवेअरांचं परीक्षण मी फक्त या एका निकषावर करणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपला डेटा आपल्या ताब्यात राहावा म्हणून आपण स्वतःच्या यंत्रावर सॉफ्टवेअर चालवतो. जाताना आपण काय मागे ठेवलं हे त्या सॉफ्टवेअरला सांगता येत नसेल, तर तो ताबा अर्धाच होता.

स्वतःचा सर्व्हर चालवणं ही आता फक्त संगणकवाल्यांची हौस राहिलेली नाही. कॅनडातल्या आपल्या कितीतरी घरांत बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या शेजारी, एखादा जुना डेस्कटॉप अखंड चालू असतो. मुलांचे फोटो मोठ्या कंपनीकडे द्यायचे नाहीत म्हणून त्यावर नेक्स्टक्लाउड असतं. कुणाकडे जुन्या नाटकांच्या ध्वनिफिती ऐकवणारा सर्व्हर असतो. कुणी नातेवाइकांच्या गप्पांसाठी व्हॉट्सॲपऐवजी स्वतःचं काहीतरी उभं केलेलं असतं. बसवणं सोपं झालंय. प्रकल्पाच्या पानावरची एक ओळ उचलायची, टर्मिनलमध्ये चिकटवायची, पासवर्ड द्यायचा. पाच मिनिटांत सर्व्हर तयार.

त्या एका ओळीने यंत्रावर काय काय केलं, ते मात्र त्या पानावर सहसा लिहिलेलं नसतं. प्रोग्रॅमच्या फाइली टाकल्या, हे उघड आहे. त्याशिवाय डेटाबेस उभा केला, त्यात वापरकर्ता आणि पासवर्ड तयार केला. लिनक्सच्या यादीत नवा वापरकर्ता घातला. यंत्र चालू होताच आपोआप सुरू होणारी सेवा नोंदवली. रात्री ठरलेल्या वेळी चालणारी कामं लावली. फायरवॉलमध्ये एखादं दार उघडलं. पुढची अद्ययावत आवृत्ती कुठून आणायची तो पत्ता आणि त्यावर विश्वास ठेवायची किल्ली साठवली. वेबसर्व्हरच्या सेटिंगमध्ये चार ओळी घातल्या.

देश सोडलेल्या माणसाला हे लगेच कळावं. पुण्यातलं भाड्याचं घर रिकामं केलं म्हणजे घर सोडून झालं, असं नसतं. गॅसचं कनेक्शन परत करायचं असतं, विजेचं बिल नावावरून काढायचं असतं, रेशनकार्डावरून नाव कमी करायचं असतं, बँकेतला पत्ता बदलायचा असतं. सामान ट्रकमध्ये चढलं तरी या नोंदींच्या रूपाने आपण तिथे राहतच असतो. सर्व्हरवरून प्रोग्रॅम काढणं म्हणजे सामान ट्रकमध्ये चढवणं. बाकीच्या नोंदींचं काय?

प्रश्न नीटनेटकेपणाचा असता तर मी लेख लिहिला नसता. मी पोस्टडॉक आहे. आमच्या जमातीचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर असतं. दोन-तीन वर्षांचा करार संपला की दुसरी प्रयोगशाळा. मागे राहतं ते यंत्र आणि त्यावरचा डेटा, आणि तो डेटा अनेकदा माणसांचा असतो. कॅनडात माणसांवरच्या संशोधनासाठी तीन केंद्रीय निधीसंस्थांचं मिळून एक नीतिधोरण आहे, टीसीपीएस. सहभागी व्यक्ती आपली संमती कधीही मागे घेऊ शकते आणि तिने दिलेली माहितीही काढून घ्यायला सांगू शकते, असं ते म्हणतं. माहिती निनावी होऊन बाकीच्यांत मिसळली असेल तर हे अशक्य होतं, आणि ती मर्यादा संमती घेतानाच सांगावी लागते. म्हणजे ‘काढून टाकलं’ हे शब्द आमच्या धंद्यात एका परक्या माणसाला दिलेलं वचन असतात.

एका प्रयोगशाळेत माझ्याकडे एक जुनं यंत्र वारशाने आलं. त्यावर पूर्वी प्रश्नावल्या भरून घ्यायचं सॉफ्टवेअर चालत असे. ते ‘काढलेलं’ होतं, तशी नोंदही वहीत होती. पण ते काढणाऱ्याने फक्त प्रोग्रॅमचं पॅकेज काढलं होतं. डेटाबेस तसाच होता, उत्तरांसकट, आणि रात्रीचा बॅकअप इमानेइतबारे त्याची रोज नवी प्रत करत होता. त्यात कोणाचा दोष होता? माझ्या मते त्या माणसाचा कमी आणि ‘काढलं’ असं छापून गप्प बसणाऱ्या सॉफ्टवेअरचा जास्त.

अशा गोष्टी मोठ्या प्रमाणावर घडल्या की बातमी होते. व्हँकुव्हर परिसरात एनसीआयएक्स नावाचं संगणकविक्रीचं प्रसिद्ध दुकान होतं. ते 2017 च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेलं. 2018 च्या सप्टेंबरात एका सुरक्षा-अभ्यासकाने उघड केलं की त्यांचे जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क क्रेगलिस्टवर विकायला आल्या आहेत आणि त्यांवर ग्राहकांची व कर्मचाऱ्यांची माहिती उघड्या स्वरूपात पडलेली आहे. संगणक विकून जगणाऱ्या कंपनीची ही गत. त्याआधी, 2011 मध्ये, कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरने स्टेपल्सच्या दुकानांत परत आलेली आणि पुन्हा विक्रीला निघालेली उपकरणं तपासली होती. पुसण्याची ठरलेली प्रक्रिया पार पडलेल्या 149 उपकरणांपैकी 54 वर आधीच्या ग्राहकांची माहिती शिल्लक होती. या दुसऱ्या उदाहरणातला धडा जास्त महत्त्वाचा आहे. तिथे पुसण्याची प्रक्रिया झाली होती. प्रक्रिया होणं आणि माहिती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

आता परीक्षण. सुरुवात डेबियनपासून, कारण उबुंटूसकट अनेक लिनक्स त्याच्याच पोटातून आलेली आहेत. डेबियनमध्ये काढण्याच्या दोन पायऱ्या आहेत, ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, सेटिंग राहतं. पर्जने सेटिंग आणि लॉगही जायला हवेत, असा डेबियनचा नियम आहे. ज्यांचा प्रोग्रॅम गेला पण सेटिंग उरलं, अशी पॅकेजं यादीत ‘आरसी’ या दोन अक्षरांनी दिसतात. कुठल्याही जुन्या यंत्रावर ही यादी काढून बघा. गावातल्या वाड्याच्या दारावरच्या नावाच्या पाट्यांसारखी ती असते, माणसं केव्हाच मुंबईला गेलेली.

या रचनेचं मला कौतुक आहे. जाण्याचे दोन अर्थ असतात आणि त्यांना दोन शब्द लागतात, हे डेबियनने फार पूर्वी ओळखलं. डेटाबेसच्या बाबतीत तर ते आणखी पुढे गेलं. मारियाडीबी पर्ज करताना यंत्र थांबून विचारतं, सगळे डेटाबेसही काढून टाकायचे का? वर समजावतं की दुसरी आवृत्ती हाच डेटा वापरत असेल तर ठेवा. पोस्टग्रेससुद्धा असाच प्रश्न विचारतं. पुसलेला डेटा परत येत नाही. म्हणून आधी विचारणं, आणि उत्तर नसेल तर ठेवणं, हेच बरोबर आहे. न विचारता सगळं पुसणारं सॉफ्टवेअर मला नको आहे.

मग तक्रार कशाबद्दल? न सांगण्याबद्दल. पॅकेज व्यवस्थेकडे फक्त तिने स्वतः ठेवलेल्या फाइलींची यादी असते. प्रोग्रॅमने चालू असताना जे निर्माण केलं, चढवलेले फोटो, तयार झालेल्या छोट्या प्रतिमा, शोधासाठीच्या सूच्या, ते त्या यादीत नसतं. ते जायला हवं असेल तर पॅकेज करणाऱ्याने तशी सोय लिहून ठेवायला लागते. ती कुणी लिहितं, कुणी लिहीत नाही. फार तर ‘फोल्डर रिकामं नव्हतं म्हणून काढलं नाही’ अशी एक ओळ दिसते आणि पडदा सरकतो. घरातलं माणूस वस्तू आवरून ठेवतं तेव्हा आपण एवढंच म्हणतो: ठेवलंस ते ठीक, पण कुठे ठेवलंस ते सांग. सॉफ्टवेअरकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे.

या कसोटीवर गिटलॅब पुष्कळ वरच्या क्रमांकावर येतं. कोड साठवण्याचं हे अवजड सॉफ्टवेअर आपला डेटाबेस, आपला वेबसर्व्हर सगळं बरोबर घेऊन येतं. पण त्याची शिस्त अशी की प्रोग्रॅम एका ठिकाणी, डेटा दुसऱ्या, सेटिंग तिसऱ्या आणि लॉग चौथ्या, अशा ठरलेल्या चार फोल्डरांत सगळं मावतं. त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेत काढून टाकण्यावर वेगळं लिहिलेलं आहे, आणि ते डेटा ठेवून काढायचं की डेटासकट काढायचं असा पर्याय देतं. डेटासह सगळं साफ करायला ‘क्लेन्झ’, आणि तयार केलेले वापरकर्ते काढायला ‘रिमूव्ह अकाउंट्स’, अशा वेगळ्या आज्ञा आहेत. पाहुणा जाताना अंथरुणाची घडी घालून जातो, तसं.

तरी दोन उणिवा आहेत. या आज्ञा पॅकेजबरोबरच येतात आणि पॅकेजबरोबरच जातात. कुणी सवयीने आधी पॅकेज काढलं, तर झाडू घराबरोबरच गेला, आता हाताने केर काढा. पॅकेज काढताना ‘थांबा, आधी ही आज्ञा चालवा’ असं सांगणं अवघड नव्हतं. दुसरं, क्लेन्झ सगळं पुसताना सेटिंगची एक प्रत रूटच्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवून जातो. हेतू चांगला आहे. पण त्या सेटिंगमध्ये मेल पाठवण्याचा पासवर्ड असू शकतो, आणि सगळं साफ झालं असं समजून यंत्र दुसऱ्याला देणाऱ्याला तो तिथे आहे याची आठवण राहीलच असं नाही.

अलीकडे या सगळ्यावर उपाय म्हणून डॉकरकडे बोट दाखवलं जातं. सॉफ्टवेअर पेटीत बंद, पेटी फेकली की काम झालं. ही समजूत निम्मी खरी आहे, आणि मला निम्म्या खऱ्या समजुतींची जास्त भीती वाटते. डॉकरची पेटी फेकली तरी डेटा ज्या ‘व्हॉल्यूम’मध्ये असतो तो तसाच राहतो. कंपोझने सगळं खाली उतरवताना व्हॉल्यूमही जावा असं वेगळं सांगावं लागतं. यंत्रावरचं एखादं नेहमीचं फोल्डर पेटीला जोडलेलं असेल तर तेही मागे राहतं. खुद्द डॉकर पर्ज केलं तरी त्याने साठवलेल्या प्रतिमा, पेट्या आणि व्हॉल्यूम आपोआप जात नाहीत. डॉकरच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलं आहे, कोणती फोल्डरं हाताने पुसायची तेही दिलं आहे. दस्तऐवज प्रामाणिक आहे. बाजारातला बोलबाला तसा नाही. पूर्वी विखुरलेला डेटा निदान नावाने ओळखू यायचा. आता तो लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाच्या फोल्डरात असू शकतो, आणि सहा महिन्यांनी तो कुणाचा हे सांगायला कुणी नसतं.

उबुंटूच्या स्नॅपची तऱ्हा आणखी वेगळी. नेक्स्टक्लाउड स्नॅप म्हणून बसवलं असेल आणि ते काढलं, तर जाण्याआधी त्याच्या डेटाचा आपोआप एक स्नॅपशॉट घेतला जातो आणि तो साधारण 31 दिवस ठेवला जातो. नको असेल तर काढतानाच ‘पर्ज’ म्हणावं लागतं. चुकून काढणाऱ्यासाठी ही मोठीच सोय, आणि मुदत ठरलेली असणं ही तर मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ठेवलेल्या प्रतीला शेवट आहे. फक्त ज्याला आज, आत्ता, माहिती गेलेली हवी आहे, त्याला ही प्रत आहे हे ठळकपणे कळायला हवं.

याबाबतीत आदर्श मला लिनक्सबाहेर सापडला, आणि तो कॅनडात आहे. ओपनबीएसडी ही युनिक्सच्या कुळातली, लिनक्सची चुलत बहीण म्हणावी अशी प्रणाली. थिओ द राट यांनी ती 1995 मध्ये सुरू केली आणि तिचं मुख्य ठाणं कॅलगरी. सुरक्षिततेच्या बाबतीतला तिचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे, पण मला तिच्या एका साध्या सवयीचं अप्रूप वाटतं. तिथे पॅकेज काढलं की ती मागे राहिलेल्या गोष्टी वाचून दाखवते. हे फोल्डरही तुम्ही पुसायला हवं, हा वापरकर्ताही काढायला हवा, आणि त्यासाठीची आज्ञा अशी. स्वतःहून काही पुसत नाही. लपवतही नाही. निर्णय तुमचा, माहिती तिची. मी वर जे मागितलं ते नेमकं हेच आहे, आणि ते करायला मोठी बुद्धिमत्ता किंवा पैसा लागत नाही हे त्या छोट्या, देणग्यांवर चालणाऱ्या प्रकल्पाने दाखवलं आहे.

आतापर्यंतची उदाहरणं एका यंत्रापुरती होती. पण काही सर्व्हर जगाशी बोलतात, आणि तिथे प्रश्न बिकट होतो. याचीही एक मुळी कॅनडात आहे. माँट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमू यांनी 2008 मध्ये आयडेंटिका ही सेवा सुरू केली. तिच्यामागचं सॉफ्टवेअर कुणालाही आपल्या यंत्रावर चालवता येई, आणि असे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडले जात. त्या विचाराची पुढची पायरी म्हणजे ॲक्टिव्हिटीपब हे मानक. 2018 मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलं आणि त्याच्या कर्त्यांमध्ये प्रोड्रोमू आहेत. आज मॅस्टोडॉन याच भाषेत बोलतं.

अशा सर्व्हरवर तुम्ही काही लिहिलंत की त्याच्या प्रती शेकडो अनोळखी सर्व्हरांवर जातात. तुम्ही आपलं यंत्र बंद केलंत, जाळलंत तरी त्या तिथे राहतात. उलट मूळ सर्व्हरच नाहीसा झाल्यामुळे ‘ही नोंद पुसा’ असं सांगणारंच कुणी उरत नाही. मॅस्टोडॉनच्या कर्त्यांनी हे ओळखून एक आज्ञा दिली आहे, तिचं नाव ‘सेल्फ-डिस्ट्रक्ट’. नाव भडक आहे, काम सौम्य आहे. ती ओळखीच्या सर्व सर्व्हरांना आपल्याकडचं प्रत्येक खातं पुसल्याचा निरोप पाठवते. ते पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नका, असं बजावते. परत फिरता येणार नाही हेही सांगते. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या यंत्रावरचा डेटा ती पुसतच नाही, तो तुम्ही नंतर पुसा म्हणते.

हे वाचताना मला गणपतीची उत्तरपूजा आठवली. आपण मूर्ती उचलून थेट पाण्यात सोडत नाही. आधी उत्तरपूजा होते, अक्षता वाहिल्या जातात, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि मगच विसर्जन. प्रतिष्ठापनेइतकाच निरोपाचाही विधी असतो आणि त्याला क्रम असतो. मॅस्टोडॉनने हा क्रम अचूक पकडला आहे: आधी संबंध सोडवा, मग वस्तू मोडा. इतर बहुतेक सॉफ्टवेअरांत प्रतिष्ठापनेची पोथी आहे आणि उत्तरपूजेचं पान फाटलेलं आहे. अर्थात निरोप मिळालेल्या प्रत्येक सर्व्हरने तो पाळलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. तिथे मॅस्टोडॉनचाही हात टेकतो.

काही ठसे तर कोणतंच सॉफ्टवेअर पुसू शकत नाही, आणि हे मात्र त्यांच्या दोषांच्या यादीत घालणं अन्याय होईल. आपल्या सर्व्हरसाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र घेतलं की त्यावरचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. या नोंदवह्या खोटी प्रमाणपत्रं पकडता यावीत म्हणून आहेत आणि त्यांत फक्त भर घालता येते. सर्व्हरच्या नावात मुलीचं नाव किंवा घरचं आडनाव घातलं असेल, तर सर्व्हर गेल्यावरही ते नाव शोधणाऱ्याला सापडेल. नाव आधीच विचार करून ठेवणं, किंवा सगळ्या उपनावांना मिळून एकच प्रमाणपत्र घेणं, एवढंच आपल्या हातात असतं. दुसरा ठसा डीएनएसचा. भाड्याचा सर्व्हर परत केला पण नावाची नोंद त्याच्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिली, तर उद्या तो पत्ता ज्याला मिळेल तो आपल्या नावाने दुकान मांडू शकतो.

तिसरा ठसा बॅकअपचा. रेस्टिक हे लोकप्रिय बॅकअप सॉफ्टवेअर इथे मला फार नेमकं वाटतं. त्यात ‘फर्गेट’ आणि ‘प्रून’ अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने जुन्या बॅकअपची नोंद जाते, दुसरीने त्याचा निरुपयोगी झालेला डेटा खरोखर जातो. विसरणं आणि पुसणं एक नव्हे, हे त्या सॉफ्टवेअरने आपल्या शब्दांतच ठेवलं आहे. चौथा ठसा खुद्द डिस्कवरचा. फाइल पुसली म्हणजे तिच्याकडे जाणारी वाट पुसली, मजकूर काही काळ तिथेच राहू शकतो. एसएसडीत तर यंत्र स्वतःच्या सोयीने मजकूर इकडेतिकडे लिहीत असतं, त्यामुळे ठरावीक फाइलवर पुन्हा पुन्हा लिहून ती मिटवण्याचा जुना उपाय भरवशाचा राहत नाही. खात्रीचा मार्ग पहिल्याच दिवशी निवडावा लागतो: डिस्क कूटबद्ध करून ठेवायची, आणि निघताना किल्ली नष्ट करायची.

माझ्या भूमिकेवर एक आक्षेप नेहमी येतो. एवढा खटाटोप कशाला, सगळं यंत्र पुसून नव्याने लिनक्स टाका. एका सॉफ्टवेअरसाठी एकच यंत्र असेल तर हे उत्तर योग्य आहे. मीही तेच करीन. पण बेसमेंटमधल्या त्या डेस्कटॉपवर फोटोंबरोबर बायकोचे हिशेब आणि मुलांचे गेमही असतात, प्रयोगशाळेच्या यंत्रावर चार प्रकल्प नांदत असतात. घरातला एक माणूस गेला म्हणून आपण घर पाडत नाही. शिवाय यंत्र पुसून बॅकअप, डीएनएस आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या प्रती जात नाहीतच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही बहुतेक सॉफ्टवेअरं मुक्त आहेत, अनेकांचे कर्ते रात्री जागून फुकट काम करतात. जे वापरणं सोडून चाललेत त्यांच्यासाठी त्यांनी का राबावं? मला हा प्रश्न रास्त वाटतो, म्हणून माझी मागणी लहान आहे. सगळं आपोआप पुसणारी कळ मी मागत नाही. मी एक पान मागते. आम्ही कुठे कुठे लिहितो, कोणते वापरकर्ते करतो, कोणती कामं वेळापत्रकात घालतो, याची यादी. बसवणारी ओळ ज्याने लिहिली त्याला हे सगळं माहीत असतंच. ते पान लिहायला एक संध्याकाळ लागेल. ते नसल्यामुळे हजारो लोकांना स्वतः शोधत बसावं लागतं, आणि अनेक जण शोधतही नाहीत.

तोवर आपण काय करावं? क्रम महत्त्वाचा. आधी ज्यांचा डेटा आहे त्यांना तारीख सांगावी आणि त्यांची त्यांची प्रत द्यावी. मग सेवा बंद करावी, पण लगेच काढू नये. आठवडाभर थांबलं की कोण अजून वापरत होतं ते फोनवरून कळतंच. शेवटची प्रत घ्यायची असेल तर ती उघडते का ते पाहावं आणि ती कधी पुसायची तेही तेव्हाच लिहून ठेवावं. मग सॉफ्टवेअरची स्वतःची साफसफाईची आज्ञा, असल्यास. त्यानंतर पॅकेज पर्ज. मग डेटाबेस, डेटाची फोल्डरं, रात्रीची कामं, फायरवॉलचं दार, वेबसर्व्हरच्या ओळी, अद्ययावत करण्याचा पत्ता आणि त्याची किल्ली. लिनक्सवरचा वापरकर्ता सर्वांत शेवटी काढावा. तो आधी काढला तर त्याच्या उरलेल्या फाइली बेवारस होतात, आणि पुढे तोच क्रमांक एखाद्या नव्या वापरकर्त्याला मिळाला तर त्या आयत्या त्याच्या मालकीच्या होतात. लिनक्सची ‘फाइंड’ आज्ञा अशा बेवारस फाइली शोधून देते, ती एकदा चालवावी. शेवटी डीएनएस, आणि त्या सर्व्हरला दिलेले इतर ठिकाणचे पासवर्ड रद्द करणं.

कॅनडाचा खासगी क्षेत्रासाठीचा गोपनीयता कायदा सांगतो की गरज संपलेली वैयक्तिक माहिती नष्ट करावी, पुसावी किंवा निनावी करावी. घरगुती वापराला तो लागू नाही. बेसमेंटमधल्या सर्व्हरची तपासणी करायला कुणी येणार नाही. पण त्या सर्व्हरवर भाचीच्या बारशाचे फोटो आहेत, काकूंनी मदतीसाठी पाठवलेले वैद्यकीय अहवाल आहेत, मित्राच्या घटस्फोटाच्या काळातली संभाषणं आहेत. मोठ्या कंपन्यांवर विश्वास नाही म्हणून त्यांनी ते आपल्याकडे दिलं. कंपनीकडे निदान ‘खातं काढून टाका’ अशी कळ असते, आणि तिने ते केलं नाही तर तक्रार करायला कमिशनर असतो. आपल्याकडे तक्रार करायला ते फक्त आपल्याकडेच येऊ शकतात.

म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडताना मी आता त्याची वैशिष्ट्यं नंतर वाचते. आधी मार्गदर्शिकेत काढून टाकण्याचं पान आहे का ते बघते. डेबियनचे दोन शब्द, गिटलॅबची चार फोल्डरं, ओपनबीएसडीची यादी आणि मॅस्टोडॉनचा निरोप, एवढ्यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ते कितीही देखणं असलं तरी माझ्या यंत्रावर त्याला जागा नाही.